परकर आणि कुर्त्यातून वासुदेवाचा अंगरखा: शिवणकामात नवख्या असणाऱ्यांसाठी

"आपल्या पाल्यास वासुदेवाची वेशभूषा करून पाठवावे." शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असा निरोप आला की बहुतेक घरांत दोनच वाटा सुचतात. भाड्याच्या ड्रेसवाल्याकडे जायचं, नाहीतर शिंप्याला गळ घालायची. भाड्याचा ड्रेस बहुतेक वेळा चकचकीत सॅटिनचा असतो, काखेत काचतो आणि खांद्यावरून घसरतो. शिंप्याकडे डिसेंबर-जानेवारीत लग्नाच्या ब्लाउजांचे ढीग पडलेले असतात, तुमचा अंगरखा त्यांच्या तळाशी जातो. तिसरी वाट अशी की बाजारातून एक पांढरा कुर्ता-पायजमा आणि एक पांढरा परकर आणायचा, दोन्ही नेमक्या जागी कापायचे आणि एकमेकांना जोडायचे.

यात काम सोपं होतं ते कशामुळे, हे आधी सांगते. शिवणात नवख्या माणसाचा जीव चार ठिकाणी जातो: गळा, मुंढा (बाही जोडतात ती जागा), नेफा (नाडी ओवायची पट्टी) आणि घेराची खालची दुमड. रेडीमेड कपड्यात ही चारही कामं कुणीतरी सफाईने करून ठेवलेली असतात. तेव्हा शिवलेलं तेवढं वाचवायचं, आणि कात्री चालवायची ती जोड शेल्याखाली झाकला जाईल तिथेच. पुढची सगळी कृती या एका धोरणावर आहे. खालची मापं साधारण आठ वर्षांच्या, ५० इंच उंचीच्या मुलाची किंवा मुलीची आहेत. तुमच्याकडची वेगळी असणार, पद्धत तीच.

आधी वासुदेव नीट बघा

वासुदेव म्हणजे 'मोरपिसांची टोपी घातलेला कुणीतरी' एवढंच डोक्यात ठेवून सुरुवात केली, तर वेश अर्धवट होतो. पहाटे दारोदार अभंग-गाणी म्हणत फिरणारा आणि दान मिळालं की "दान पावलं" म्हणत गावोगावच्या देवांची नावं घेणारा हा लोककलाकार आहे. एकनाथांच्या भारुडांतही तो येतो. त्याचा अंगरखा पायघोळ आणि भरपूर घेराचा असतो, कारण तो गाताना गिरक्या घेतो आणि घेर फुलतो. खाली सुरवार किंवा धोतर, कमरेला शेला, त्यात खोचलेला पावा, हातात चिपळ्या, पायात घुंगरू, गळ्यात माळा, कपाळाला गंध, खांद्याला झोळी. डोक्यावर निमुळती, उंच, मोरपिसांची टोपी.

भाड्याच्या दुकानांत 'लोककलाकार' नावाचा एकच गठ्ठा असतो आणि त्यातून काहीही हाताला लागतं. संबळ आणि दिवटी गोंधळ्याची, आसूड पोतराजाचा. ते वासुदेवाच्या हातात देऊ नका. प्रेक्षकांत बसलेल्या आजी-आजोबांना हा फरक लगेच कळतो.

अंगरखा पांढराच हवा असं नाही, रंगीत अंगरख्यातले वासुदेवही दिसतात. तरी मी पांढरा सुचवेन. पांढऱ्यावर लाल शेला आणि हिरवी-निळी टोपी लांबून उठून दिसते, आणि पांढरा कुर्ता नि पांढरा परकर कुठल्याही गावात मिळतात. गुलाबी कुर्त्याला जुळणारा गुलाबी परकर शोधण्यात एक रविवार जाईल.

काय आणायचं

कुर्ता सुती घ्या. मुलाच्या नेहमीच्या मापापेक्षा एक नंबर मोठा, पूर्ण बाह्यांचा, शक्य तर पायजम्यासकट. लहान मुलांच्या कपड्यांचे नंबर दुकानागणिक बदलतात, म्हणून लेबलावर विसंबू नका, टेप घेऊनच जा. मुलाची छाती २५ इंच असेल तर कुर्त्याचा छातीचा घेर २९ ते ३० इंच भरला पाहिजे. ही ढील शोभेसाठी नाही. कुर्त्याला खाली घेर जोडल्यावर कंबरेचा भाग खांद्यांवरून खाली उतरला पाहिजे, आणि सुती कापड ताणलं जात नाही. कॉलर नसलेला गोल गळा मिळाला तर उत्तम. उभी पट्टी असलेला गळा असेल तरी ती उसवण्याच्या फंदात पडू नका, वरून माळा आणि उपरणं येणार आहे.

परकर साडीखाली नेसायचा साधा, सुती, कळ्यांचा (खाली रुंद होत जाणाऱ्या पट्ट्या जोडून केलेला) हवा. सहा किंवा आठ कळ्यांचा मागा. हल्लीचे अंगाला चिकटणारे फिश कट परकर इथे कुचकामी, त्यांना घेरच नसतो. खालची दुमड उलटून बघा. टीप सरळ असेल तर घ्या, कारण तीच अंगरख्याची खालची कड होणार आहे. झालर किंवा लेस लावलेला परकर नको.

एक अडचण दुकानातच सोडवता येते. पांढऱ्यात पुष्कळ छटा असतात. कुर्ता निळसर पांढरा आणि परकर दुधी असला, तर जोड कितीही छान जमला तरी दोन कपडे दोनच दिसतात. दोन्ही एकत्र धरून दुकानाबाहेर, उन्हात बघा. ट्यूबलाइटखाली सगळे पांढरे सारखेच वाटतात. थोडा फरक राहिलाच तर घरी दोन्ही एकाच बादलीत नीळ घालून काढा, बराचसा मिटतो.

बाकीचं सामान: जुन्या साडीचा लाल किंवा हिरवा काठ दोन-तीन मीटर, शेल्यासाठी एक जुनी ओढणी, टोपीसाठी अर्धा मीटर जाड बकरम (कॉलरमध्ये घालतात ते ताठ कापड), गडद हिरवं किंवा निळं सुती कापड अर्धा मीटर, पांढरा आणि हिरवा दोरा, टाचण्या, खडू, टिचबटणं.

कुर्ता आणि परकर शिवण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजत घाला, वाळवा, इस्त्री करा. नव्या सुती कापडाला खळ असते आणि ते आटतं. दोन कपडे वेगवेगळे आटतात. जोडल्यानंतर आटले, तर कंबरेला चुरगळ पडते आणि ती कुठल्याही इस्त्रीने जात नाही.

मापं घेताना हात वर

मुलाला कुर्ता घालून उभं करा. कमरेला, म्हणजे बेंबीच्या पातळीवर, एक नाडी बांधा. आता त्याला चिपळ्या वाजवल्यासारखे दोन्ही हात डोक्यावर न्यायला सांगा. कुर्ता नाडीखालून वर सरकेल. तो किती सरकतो ते बघा, साधारण इंच-दीड इंच. मुलाने हात खाली केले की तेवढंच अंतर नाडीच्या खाली मोजून खडूची खूण करा. हीच तुमची कंबर. पुस्तकी मापाने कंबर धरली तर मंचावर हात वर करताक्षणी घेर शेल्याबाहेर येऊन छातीशी लटकतो.

मग या खुणेपासून पोटरीच्या मध्यापर्यंत मोजा. ५० इंच उंचीच्या मुलाचं हे माप १९ ते २१ इंचांच्या आसपास येतं. 'पायघोळ' शब्दाला भुलून घोट्यापर्यंत नेऊ नका. लहान मुलं घेरावर पाय देऊन पडतात, आणि घुंगरूही दिसायला हवेत.

डोक्याचा घेर कपाळावरून, कानांच्या जरा वरून घ्या. टोपीला तो लागेल.

कापायचं कसं

कुर्ता टेबलावर किंवा फरशीवर सपाट पसरा, बाजूच्या शिवणी एकावर एक आणा. कंबरेच्या खुणेच्या अर्धा इंच खाली आडवी रेघ मारा. तो अर्धा इंच शिवणीत जाणार. रेघ दोन्ही बाजूंच्या शिवणींना काटकोनात आहे ना, ते बघा. बाजूचे कट या रेघेच्या खालीच सुरू होत असतील, तर काहीच प्रश्न नाही. क्वचित एखाद्या कुर्त्यात वर येतात, तेव्हा तेवढी बाजू आधी शिवून बंद करा.

परकर मात्र उलटा मोजायचा, खालून वर. खालच्या दुमडीच्या कडेपासून २० इंच अधिक शिवणीचा अर्धा इंच, अशी साडेवीस इंचांवर चारी बाजूंनी खूण करत जा. कळ्यांच्या परकराची खालची कड किंचित गोल असते, म्हणून पट्टी धरून एक सरळ रेघ मारू नका. दर तीन-चार इंचांवर टेप लावा, ठिपके द्या आणि मग ते जोडा. कापलेली रेघही कडेसारखीच हलकी गोल येईल, ती तशीच हवी.

वरचा नेफ्याचा तुकडा टाकून देऊ नका. त्याची झोळी होणार आहे.

पल्ला

अंगरखा आणि कुर्ता यांत डोळ्याला जाणवणारा फरक म्हणजे छातीवरून तिरका जाणारा पल्ला आणि काखेखाली बांधलेले बंद. खराखुरा पल्ल्याचा अंगरखा बेतायचा तर पुढचा भाग पूर्ण नवा कापावा लागेल. आपण वरून एक पल्ला लावू. कुर्त्याची बटणपट्टी त्याखाली झाकली जाते आणि मुलाला कपडा चढवायला तिचा उपयोगही होतो.

कुर्त्यावर वर्तमानपत्राचा कागद ठेवा. घालणाऱ्याच्या डाव्या हाताला, बटणपट्टीच्या इंचभर पलीकडे, गळ्यापासून कंबरेपर्यंत उभी रेघ मारा. कंबरेच्या टोकावरून आडवे उजव्या बाजूच्या शिवणीपर्यंत जा. तिथून वर, काखेखाली दोन इंचांवर थांबा, आणि त्या ठिकाणापासून गळ्यापर्यंत तिरकी रेघ ओढा. हा चौकोनी-तिरका आकार चारी बाजूंनी अर्धा इंच वाढवून परकराच्या उरलेल्या कापडातून कापा.

तिरकी कड आणि बाजूची छोटी कड दुमडून टीप मारा. तिरक्या कडेवर साडीचा काठ लावा. इथे हात सैल सोडायला हरकत नाही, काठ जितका रुंद तितका पल्ला लांबून दिसतो. उभी कड आत दुमडून कुर्त्यावर शिवा. तळाची कड सध्या फक्त कच्च्या दोऱ्याने कुर्त्याला धरून ठेवा, ती कंबरेच्या जोडात आपोआप पकडली जाईल.

बंदांसाठी ८ इंच लांब, दीड इंच रुंद अशा चार पट्ट्या कापा. कडा आत घेऊन दुमडा, टीप मारा. दोन पल्ल्याच्या काखेजवळच्या टोकाला आणि दोन समोर कुर्त्याच्या शिवणीला लावा. मुलं बंद स्वतः बांधत नाहीत आणि बांधले तर सोडता येत नाहीत, म्हणून खाली एक टिचबटण लावून बंदांची फक्त शोभेची गाठ मारून ठेवा. कपडे बदलायला विंगेत मिळणाऱ्या वेळेत त्याची किंमत कळते.

चुण्या आणि कंबरेचा जोड

सगळ्या कृतीत वेळ द्यायचा तो इथे.

कापलेल्या परकराचा वरचा घेर मोजा. तो कुर्त्याच्या कापलेल्या घेराच्या दीडपट ते दुप्पट असेल तर चुण्या छान पडतात. कुर्ता ३० इंच, परकर ५० ते ६० इंच, असं काहीतरी. दुपटीहून जास्त भरला तर एका कळीची शिवण उसवून थोडं कापड कमी करा, नाहीतर कंबरेला गठ्ठा होतो आणि मूल जाड दिसतं.

मशीनचा टाका मोठ्यात मोठा ठेवा, ४ किंवा ५ वर. परकराच्या वरच्या कडेपासून पाव इंचावर एक आणि त्याच्याखाली आणखी पाव इंचापेक्षा थोडी कमी जागा सोडून दुसरी, अशा दोन समांतर टिपा मारा. सुरुवातीला आणि शेवटी उलटी टीप घेऊ नका, दोरे लांब सोडा. घेर मोठा असल्याने एका दमात सगळी टीप मारण्यापेक्षा अर्ध्या-अर्ध्या घेराच्या दोन टिपा मारा. दोरा ओढताना तुटला तर निम्मंच काम परत करावं लागतं. एकच ओळ मारून भागत नाही का, असं कुणीही विचारेल. भागतं, पण एका ओळीवरच्या चुण्या फिरतात आणि आडव्या होतात. दोन ओळींत त्या उभ्या राहतात.

आता कुर्त्याचा आणि परकराचा घेर प्रत्येकी चार भागांत विभागा: पुढचा मध्य, मागचा मध्य आणि दोन बाजू. खडूने खुणा करा. परकर उलटा, म्हणजे आतली बाजू बाहेर, ठेवा. कुर्ता सुलट ठेवून, खालचं टोक वर करून परकराच्या आत सरकवा. दोघांच्या सुलट बाजू एकमेकींना भिडल्या पाहिजेत आणि कापलेल्या कडा वर एका रेषेत याव्यात. चारही खुणा जुळवून टाचण्या लावा. मग दोन्ही ओळींचे फक्त बॉबिनचे दोरे एकत्र धरून हळूहळू ओढा. चुण्या हाताने सरकवत प्रत्येक चौथाईत सारख्या पसरा. पुढच्या बाजूला जरा कमी आणि मागे जास्त ठेवल्या तरी चालतात, पोट सपाट दिसतं.

दर इंचाला टाचणी लावा. टाका परत अडीचवर आणा आणि अर्ध्या इंचावर टीप मारा. चुण्यांची बाजू वर, डोळ्यांसमोर ठेवा. खाली ठेवली तर मशीनचे कापड सरकवणारे दात त्यांना कुठेही ढकलतात आणि ते शिवून झाल्यावरच कळतं. टाचणीजवळ आल्यावर ती काढा, तिच्यावरून मशीन नेऊ नका. पूर्ण घेर झाला की उलटून बघा. कुठे चुणी आडवी पकडली गेली असेल तर तेवढेच दोन इंच उसवून परत शिवा. मग त्याच टिपेलगत, कडेच्या बाजूला, दुसरी टीप. गिरकीचा ताण सगळा या शिवणीवर येतो, एका टिपेवर भरवसा नको.

बाहेर दिसणारे कच्चे दोरे ओढून काढा. शिवणीच्या सुट्या कडा फॉल-पिकोच्या दुकानात इंटरलॉक करून मिळतात, पाच मिनिटांचं काम. नाहीतर घरी झिगझॅग मारा. शेवटी शिवण वरच्या दिशेला, कुर्त्याकडे वळवून इस्त्री करा. खाली वळली तर चुण्या फुगून दिसतात.

घरी मशीन नसेल तर? हाच जोड हाताने बखियाच्या टाक्याने (दर वेळी सुई थोडी मागे नेऊन घेतलेला टाका), दुहेरी दोऱ्याने घाला. ३० इंचांच्या घेराला एक संध्याकाळ पुरते. नुसता धावदोरा पुरेसा नाही, पहिल्याच गिरकीत उसवतो.

सुरवार, शेला, झोळी

पायजमा जसा आहे तसाच वापरा. फक्त घोट्याशी रुंद असेल तर खाली एक छोटा प्लीट घालून हाताने टाका मारा, म्हणजे घुंगरू बांधायला जागा सपाट होते.

शेल्याला ओढणी लांबीत घडी करून चार इंच रुंद करा, कमरेभोवती दोन वेढे घ्या, गाठ डाव्या बाजूला. सुटी टोकं गुडघ्यापर्यंतच ठेवा. रेशमी किंवा सिंथेटिक ओढणी घसरते. त्यामुळे अंगरख्याला मागच्या बाजूला काठाचे दोन पट्टे शिवून, पँटच्या लूपांसारखे, शेला त्यांतून ओवा.

झोळीसाठी परकराचा वरचा तुकडा घ्या. नेफ्यासकट २५ इंच रुंदीचं कापड कापा, उभी शिवण आणि तळ शिवा. साधारण १२ इंच रुंदीची पिशवी झाली, तोंडाला नेफा तयारच. त्यातून नाडीऐवजी साडीचा काठ ओवून खांद्याला अडकवा. नवं शिवायचं म्हणजे दोन सरळ टिपा.

टोपी

कपडा कितीही चांगला झाला तरी मुलाला वासुदेव म्हणून ओळखतात ते टोपीवरून. पण सगळ्यात जास्त त्रासही टोपीचाच. जड झाली की मान झुकते, सैल झाली की डोळ्यांवर येते.

शंकू काढण्यासाठी एक सोपा हिशेब आहे. डोक्याच्या घेरात अर्धा इंच ढील आणि एक इंच जोडासाठी मिळवा, आणि बेरजेला १.५७ ने भागा. डोकं साडेवीस इंच असेल तर २२ भागिले १.५७ म्हणजे १४. बकरमचा काटकोनी कोपरा घ्या. कोपऱ्यावर टाचणी रोवून १४ इंच दोऱ्याला पेन्सिल बांधा आणि पाव वर्तुळ ओढा. कोपरा हा टोपीचा शेंडा, गोल कड डोक्याची बाजू. ही टोपी जवळजवळ १४ इंच उंच होते. पहिली-दुसरीतल्या मुलांना ती फार उंच वाटेल. त्यांच्यासाठी काटकोनाऐवजी कोनमापकाने १२० अंशांचा कोन काढा आणि त्रिज्या साडेदहा इंच घ्या. डोक्याचा घेर तोच राहतो, उंची दहा इंचांवर येते. मला तरी ही बुटकी टोपी लहान चेहऱ्यावर जास्त शोभून दिसते.

बकरमचे दोन थर एकमेकांवर कच्चे शिवा, इंचभर एकावर एक चढवून सुरळी करा आणि जाड सुईने जोड शिवा. स्टेपलर वापरू नका, पिना केसांत अडकतात. गडद कापडातून त्याच मापाचा तुकडा काढा, मात्र गोल कडेला पाऊण इंच जास्त. त्याची उभी शिवण मारून तो शंकूवर मोज्यासारखा चढवा, खालची कड आत वळवून हाताने हेम घाला. गडद कापडाचं कारण सरळ आहे: पिसांमधल्या फटी दिसल्या तरी त्या हिरव्या-निळ्याच दिसतात. आतून, कपाळाला टेकते तिथे, मऊ सुती कापडाची दोन इंची पट्टी लावा, घाम ती टिपते.

पिसांबद्दल थोडं. मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मोराने आपसूक गाळलेली शेपटीची पिसं देशात बाळगायला आणि विकायला सूट आहे, देशाबाहेर न्यायला मनाई आहे. घेताना काडीचं मूळ बघा. स्वच्छ, कोरडं असेल तर ठीक. रक्ताचा डाग असेल तर पीस उपटलेलं असू शकतं, ते घेऊ नका. मूळच कापून टाकलेली पिसंही टाळलेली बरी. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या कार्यक्रमांसाठी भारतातून बॅगेत पिसं नेण्याचा विचार करू नका, ती कापडाचीच करा.

कापडी पीस करणं अवघड नाही, आणि लहान मुलांच्या टोपीला मी तेच पसंत करते. फेल्टचे चार तुकडे एकावर एक: सर्वांत खाली हिरवं लांबट पान, त्यावर सोनेरी-तपकिरी गोल, त्यावर मोरपंखी निळा, आणि मधोमध गडद निळा बदाम. हिरव्या पानाच्या कडा कात्रीने तिरक्या कातरा, म्हणजे झुबके दिसतात. मागे झाडूची बारीक काडी शिवा. अशी पिसं मोडत नाहीत, विमानतळावर अडत नाहीत आणि पुढच्या वर्षी तशीच वापरता येतात.

खरी असोत की कापडी, लावायची पद्धत एक. डोळा वर, काडी खाली, आणि सुरुवात शेंड्याकडून. पहिल्या थरात पाच पिसं, डोळे शेंड्याच्या दोन इंच वर निघतील अशी. त्यांच्या काड्या झाकतील अशी खाली आठ, आणि सगळ्यांत खाली दहा-बारा. खालून सुरुवात केली तर प्रत्येक वरच्या थराच्या काड्या खालच्या डोळ्यांवर येतात आणि टोपी खराट्यासारखी दिसते. काडीला सुई टोचू नका, ती चिरते. काडीच्या दोन्ही बाजूंनी दोरा फिरवून बकरममध्ये टाका घ्या, प्रत्येक काडीला दोन ठिकाणी. शेवटच्या थराच्या काड्या साडीच्या काठाने झाका, त्यावर मण्यांची एखादी सर.

हनुवटीखाली इलॅस्टिक लावलं तर गाताना काचतं. त्याऐवजी कानांच्या मागून मऊ कापडाचे दोन बंद सोडा आणि मानेवर, केसांखाली बांधा. टोपी पुढे झुकत नाही आणि समोरून काही दिसत नाही.

राहिलेलं

घुंगरू दोरीत न ओवता चार इंच रुंद फेल्टच्या पट्टीवर शिवा आणि पट्टीला वेल्क्रो लावा. दोन पायांना मिळून तीस-चाळीस छोटे घुंगरू पुरतात, जास्त असले तर गाणं ऐकू येत नाही. चिपळ्या हलक्या लाकडाच्या, मुलाच्या मुठीत मावतील अशा घ्या. पंढरपूर, आळंदी, देहूच्या दुकानांत तर मिळतातच, पूजासाहित्याच्या दुकानातही मिळतील. पावा म्हणून कुठलीही बांबूची बासरी चालते. ती शेल्यात उभी न खोचता तिरकी खोचा, बसताना पोटाला लागत नाही.

हीच पद्धत मोठ्या माणसाला लावायची तर पुरुषी कुर्ता आणि एक्सएल मापाचा परकर घ्या. परकराची पूर्ण लांबी ३८ ते ४० इंच असते, त्यातून पोटरीपर्यंत २८ इंच सहज निघतात. मात्र झोळीसाठी कापड उरत नाही आणि पल्लाही कुर्त्याच्या कापलेल्या खालच्या भागातून काढावा लागतो.

कार्यक्रमाच्या निदान चार दिवस आधी पूर्ण वेश घालून अर्धा तास वावरायला लावा. नुसतं आरशासमोर उभं करून काही कळत नाही. गिरक्या घ्यायला सांगा, खाली बसून उठायला सांगा, जिने चढायला सांगा. घेर पायात येत असेल तर खालची दुमड उसवू नका, वर शेल्याखाली एक आडवी टक घाला, ती दिसत नाही आणि पुढच्या वर्षी सोडून लांबी परत मिळते. टोपी सैल वाटली तर आतल्या पट्टीत कापसाची वळी भरा. मंचावर समई किंवा निरांजन असणार असेल तर ते कुठे ठेवणार हे बाईंना आधीच विचारा, कारण शेल्याची टोकं आणि पिसं दोन्ही पटकन पेट घेतात.

त्या दिवशी सोबत न्यायच्या पिशवीत सहा सेफ्टी पिना, ओवलेल्या दोन सुया (एक पांढऱ्या दोऱ्याची, एक हिरव्या), छोटी कात्री, दोन जादा पिसं आणि अष्टगंध. गंध शाळेत पोचल्यावरच लावा, घरून लावलं तर रिक्षात पुसलं जातं. खरी पिसं असतील तर परत आल्यावर टोपी उभीच, सुती कापडात सैल गुंडाळून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवा. अंगरखा साध्या साबणाने धुवा, पण काठाचा रंग जातो का ते आधी ओल्या रुमालाने घासून बघा.